घर बांधण्यापूर्वी दप्तर बांधावे

आपल्या वाडवडिलांनी गावच्या जमिनीचे दोनच भाग मानले होते : एक पांढरी व दुसरी काळी. पांढरीत माणसांनी राहावे व काळीत पिकांनी वाढावे, अशी ती सरळ वाटणी होती. परंतु पुढे कुटुंबे वाढली; एका घराची चार घरे झाली; गोठ्यास व वैरणीस जागा उरली नाही; नदीकाठच्या गावांत तर दर पावसाळ्यास पुराचे भय लागून राहिले. ह्यामुळे पुष्कळ शेतकरी बंधूंस आता आपल्या शेतातच घर करावे असे वाटते. ह्या इच्छेत गैर काहीच नाही. विहिरीवरील पंप, दावणीची जनावरे व खळ्यावरील धान्य ह्यांची राखण मालक जवळ असल्यावाचून होत नाही, हे आम्हीही जाणतो. परंतु काळीत घर घालावयाचे म्हणजे दगड, वाळू व गवंडी ह्यांच्या आधी कागद गोळा करावे लागतात, आणि त्या कागदांकडे आपण सर्वांच्या शेवटी पाहतो.

आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ महसूल खात्यात कारकुनी करून आता घरी बसलो आहो. घरबांधणीच्या परवानगीचे शेकडो अर्ज आमच्या मेजावरून वर गेले व खाली आले. त्या अनुभवावरून आमचे असे मत झाले आहे की, ज्या अर्जास विलंब लागतो त्याच्या विलंबाचे बीज बहुधा अर्जदाराच्या सातबारातच पडलेले असते. ते बीज आधी काढून टाकिले तर अर्ज चालतो. न काढिल्यास कोणाचीही शिफारस उपयोगी पडत नाही. हे कसे, ते सांगण्यापूर्वी आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

एक जुना अर्ज

सन २००५ च्या महापुरात कृष्णाकाठच्या अनेक गावांत पाणी शिरले. अशाच एका गावचा एक मध्यम शेतकरी त्याच वर्षाच्या मार्गशीर्षात आमच्या कचेरीत आला. त्याचे गावठाणातील घर पांढऱ्या मातीच्या भिंतींचे. तीन दिवस पाण्यात राहिल्याने भिंती फुगून खचल्या होत्या. उंचवट्यावर त्याची दोन एकर जमीन होती. तेथे तीन खणांचे घर व गोठा बांधण्याची परवानगी त्यास हवी होती. गाव नगरपालिकेच्या लगतचे असल्यामुळे शेतघरासही परवानगी आवश्यक होती.

त्याने अर्जास ग्रामपंचायतीचा नमुना ८ जोडला होता. आम्हांस हवा होता तो महसुलाचा गाव नमुना ८-अ. पहिल्या कागदात घरांची आकारणी असते, दुसऱ्यात खातेदाराच्या एकंदर जमिनी असतात. दोहोंस लोक ‘आठचा उतारा’ म्हणतात, म्हणून हा घोटाळा नित्य होतो. आम्ही अर्जावर त्रुटीचा शेरा मारून तो परत केला. पौषात तो योग्य उतारा घेऊन आला. तेव्हा मोजणीचा नकाशा नाही असा शेरा मारून आम्ही अर्ज पुन्हा परत केला. मोजणीचे पैसे भरून, पाळी येऊन, नकाशा हाती पडेपर्यंत चैत्र उजाडला. मग आम्ही सातबारा नीट पाहिला, तो त्यावर त्याच्या मृत वडिलांचेच नाव ! वारसांची नोंद झालेलीच नव्हती. दोन बहिणी परगावी नांदत होत्या. तिसरा शेरा पडला व अर्ज तिसऱ्यांदा परत गेला.

वारसांची नोंद होण्यापूर्वी मृग लागला. आषाढात एका रात्री गावठाणातील ती फुगलेली भिंत गोठ्याच्या बाजूस कोसळली. माणसे ओसरीवर निजली होती म्हणून वाचली. खिलार जोडीपैकी एक बैल भिंतीखाली गेला.

श्रावणात तो गृहस्थ चौथ्यांदा कचेरीत आला. त्याने रागाचा शब्द काढिला नाही. कागद मेजावर ठेवून तो एवढेच म्हणाला, “भाऊसाहेब, तिन्ही कागद पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर मी तिन्हींच्या मागे एकदम लागलो असतो.”

ह्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिन्ही शेरे नियमास धरून होते व कोणत्याही तपासणीत आमच्याकडे दोष आला नसता. परंतु तिन्ही शेरे एकाच कागदावर लिहिण्यास आम्हांस पाव घटका पुरली असती. त्या दिवसापासून अर्ज हाती आला की आरंभापासून शेवटपर्यंत वाचून सर्व त्रुटी एकदम लिहावयाच्या, असा नेम आम्ही केला व सेवानिवृत्तीपर्यंत पाळिला. परंतु प्रत्येक मेजावर असा नेम असेलच असे नाही. म्हणून तीच तपासणी शेतकऱ्याने घरी बसून स्वतः करावी, एवढ्याकरिता हा लेख आहे.

प्रथम जागा कोणती ते ठरवावे

जागा गावठाणात आहे, गावठाणालगत आहे, की निव्वळ शेतात आहे, हा पहिला प्रश्न. गावठाणात असल्यास बांधकामाबाबत प्रथम ग्रामपंचायतीकडे विचारपूस करावी. पूर्वी साधारणपणे दोन हजारांहून अधिक वस्तीच्या गावांच्याच गावठाणांचे भूमापन होत असे. लहान गावांतील घराच्या जागेस मालकीचा असा सरकारी नकाशाच नसे. आता स्वामित्व योजनेखाली विमानासारख्या उडत्या यंत्राने गावठाणांची मोजणी होऊन घरमालकांस मिळकत पत्रिका व सनद देण्यात येते. पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी ह्याचा प्रयोग प्रथम झाला व २४ एप्रिल २०२० रोजी ही योजना देशभराकरिता जाहीर झाली. आपल्या गावाची पत्रिका निघाली असल्यास ती हस्तगत करून नाव व क्षेत्र ताडून पाहावे.

जागा गावठाणालगत असल्यास अलीकडील दुरुस्त्यांचा लाभ मिळण्याचा संभव असतो. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांच्या आतील जमिनीच्या राहण्याच्या वापरासाठी, त्याचप्रमाणे विकास योजना किंवा प्रादेशिक योजना ह्यांत तशा वापरास राखलेल्या जमिनींसाठी, बिनशेतीची जुनी लांबलचक वाट आखूड करण्यात आली आहे. तथापि आकार भरणे व बांधकामाचा नकाशा मंजूर करून घेणे ह्यांतून त्यामुळे सुटका होत नाही.

शेतघर कोणते व कोणते नव्हे

जागा निव्वळ शेतात असल्यास दुसरा प्रश्न असा की, इमारत कशाकरिता ? सन १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने शेतकऱ्यास आपल्या जमिनीत शेतीच्या सोयीकरिता इमारत, विहीर किंवा तळे करण्याचा हक्क मान्य केला होता. सन १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या ४१ व्या कलमात हे तत्त्व पुढे चालू राहिले. त्याच अधिनियमात शेतघर म्हणजे काय तेही सांगितले आहे : अवजारे, खत व वैरण ठेवणे, शेतमाल साठविणे, गुरे बांधणे, आणि धारक, त्याचे कुटुंब, नोकर किंवा कूळ ह्यांचे राहणे, ह्यांकरिता किंवा लागवडीच्या व्यवस्थेचाच भाग असलेल्या अन्य कामाकरिता उभारलेली इमारत ती शेतघर होय.

ह्यावरून हे उघड होईल की, स्वतःचे ज्वारी-गहू ठेवण्याची कोठी शेतघरात येते, परंतु व्यापाऱ्यास भाड्याने दिलेली वखार येत नाही. सालगड्याची खोली येते. रस्त्याच्या कडेची खानावळ येत नाही. पुष्कळ लोक कागदावर ‘शेतघर’ लिहून जागेवर दुकानाचे गाळे काढितात. त्यांची समजूत अशी असते की, एकदा भिंती उठल्या म्हणजे कोण पाहतो ! परंतु बिनपरवानगी बदललेल्या वापराबद्दल दंड होतो, जमीन मूळ स्थितीवर आणण्याचा हुकूम निघू शकतो, व अशा इमारतीवर पेढीही कर्ज देण्यास कचरते.

शेतघरासही सर्वत्र मोकळीक आहे असे मात्र समजू नये. सन १९८६ च्या दुरुस्तीने शहरांतील व शहरांभोवतीच्या ठराविक अंतरातील गावांत, तसेच नगररचनेच्या योजनांखालील क्षेत्रांत, शेतघरास आधी परवानगी घेणे आवश्यक ठरविले. अशा क्षेत्रात धारण जमीन ०.४० हेक्टरांहून, म्हणजे सुमारे चाळीस गुंठ्यांहून, कमी असल्यास नव्या शेतघरास परवानगी मिळत नाही. जोते, उंची व मजले ह्यांवरही मर्यादा असतात. दोन-चार गुंठ्यांचा तुकडा घेऊन त्यावर ‘शेतघर’ बांधून देतो असे कोणी सांगितल्यास ह्या नियमाची आठवण ठेवावी.

सातबारा ओळ-ओळ वाचावा

आता दप्तराकडे वळू. डिजिटल स्वाक्षरीचा ताजा सातबारा व ८-अ काढून घ्यावा व दिव्याखाली बसून ओळ-ओळ वाचावा. त्यात पाच गोष्टी पाहावयाच्या.

पहिली, नाव. वडील वारले असल्यास व त्यांचेच नाव चालू असल्यास अर्ज करण्याची घाई करू नये. वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी असे नाव मिळाले आहे त्यांस, द्यावयाची असते. गाव नमुना ६-क ह्या वारस नोंदवहीत चौकशी होऊन, फेरफार लिहिला जाऊन, हरकतींची मुदत गेल्यावर मंडळ अधिकारी तो प्रमाणित करितात. ह्या कामास वेळ लागतो तो लागतोच. म्हणून ते घराच्या वर्षी न करिता वारसा पडेल त्याच वर्षी करावे.

ह्या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. बहिणींची नावे गाळून वारस लावण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. सन १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीत मुलीस वारस मानिले, व ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला. गाळलेले नाव आज ना उद्या वर येते, व बहुधा घराचे जोते भरल्यावरच वर येते. बहीण आपखुशीने हक्क सोडीत असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे. साध्या कागदावरील सही उपयोगाची नाही. सोडीत नसेल तर तिची लेखी संमती मानाने मागावी.

दुसरी गोष्ट, भोगवटा. वर्ग १ असल्यास मार्ग पुष्कळ मोकळा असतो. वर्ग २ असल्यास, म्हणजे जमीन नवीन शर्तीची, कुळकायद्याने मिळालेली, इनाम-वतनापैकी किंवा सरकारने दिलेली असल्यास, तिच्यावर कोणती शर्त आहे ती मूळ फेरफार काढून वाचावी. आमच्या पाहण्यात वर्ग २ च्या जमिनीचे जितके अर्ज अडले, त्यांपैकी बहुतेक अर्जदारांस आपली जमीन वर्ग २ ची आहे हेच ठाऊक नव्हते.

तिसरी, इतर हक्क. ह्या रकान्यात कुळाचे नाव, विहिरीतील हिस्सा, वाटेचा हक्क, सोसायटीचा किंवा पेढीचा बोजा हे सारे असते. फिटलेल्या कर्जाचा बोजा कमी करण्यास आपण विसरतो. दाखला आणून तो कमी करवून घ्यावा. कर्ज चालू असल्यास त्या संस्थेचे संमतिपत्र घ्यावे.

चौथी, क्षेत्र व हद्द. भूमि अभिलेख कचेरीकडे मोजणीचा अर्ज करून ‘क’ प्रतीचा नकाशा घ्यावा. बांध हा नांगरटीबरोबर सरकत असतो; आज दिसणारा बांध हीच हद्द असे धरून चालू नये. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांस स्वतः जाऊन बोलवावे, नोटिशीवर विसंबू नये. शेजाऱ्यासमोर रोविलेला हद्दीचा दगड कोर्टातील दोन पिढ्यांचा खर्च वाचवितो.

पाचवी, वाट. पेरणीस गाडी न्यावयाची बांधावरची वहिवाट व घरास लागणारा रस्ता ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजाऱ्याच्या सौजन्यावर चालणारी वाट सौजन्य संपताच बंद होते. घराची जागा रस्त्यास लागून निवडावी, किंवा वाटेचा हक्क नोंदणीकृत लेखाने घ्यावा.

जागेची पाहणी

कागद झाले म्हणजे जागेवर उभे राहावे. वरून विजेची उच्च दाबाची तार जाते काय ? शेजारून मोठा रस्ता जात असल्यास त्याच्या मध्यापासून इमारत रेषा व नियंत्रण रेषा किती अंतरावर आहेत, हे बांधकाम खात्याकडे विचारावे. उद्या रुंदीत जाणारी पडवी आज बांधण्यात शहाणपण नाही. नदीकाठी असल्यास पाटबंधारे खात्याने आखलेल्या पूररेषा पाहाव्या. नदी व निळी रेषा ह्यांमधील पट्टा निषिद्ध असतो; निळी व लाल ह्यांमधील पट्ट्यात निर्बंध असतात. कोल्हापूर व सांगली भागाने २००५ साली जे पाहिले तेच २०१९ च्या ऑगस्टात पुन्हा पाहिले. गावातील वृद्धांस विचारून सर्वांत मोठ्या पुराची खूण कोठे होती ती पाहावी व जोते त्याहून वर धरावे. विहिरीशेजारी शोषखड्डा किंवा उकिरडा येणार नाही असे घराचे तोंड ठरवावे.

अर्ज कसा लिहावा

अर्जात विनवणी व घरची दुःखे लिहून पाने भरण्याचे कारण नाही. वाचणारास हवी असते ती माहिती. अर्ज आता पुष्कळ ठिकाणी संगणकावरून व नमुन्यातच करावा लागतो, तथापि त्यातील मजकूर साधारणपणे असा असावा :

“मी मौजे अमुक, तालुका अमुक येथील गट नंबर अमुक, क्षेत्र अमुक, ह्या जमिनीचा भोगवटादार वर्ग १ असून ती स्वतः कसतो. सदर जमिनीत कुटुंबाच्या राहण्याकरिता व गुरे बांधण्याकरिता इतक्या चौरस मीटर जोत्याचे, तळमजल्याचे शेतघर बांधावयाचे आहे. जागेस अमुक रस्त्यावरून वाट आहे. जमिनीवर अमुक संस्थेचा बोजा असून तिचे संमतिपत्र जोडले आहे. सहहिस्सेदारांची संमती, सातबारा, ८-अ, संबंधित फेरफार, मोजणी नकाशा व इमारतीचा नकाशा सोबत अनुक्रमे जोडला आहे. तरी परवानगी व्हावी.”

सोबतच्या कागदांस क्रमांक घालावे व यादी वर लावावी. इमारतीचा नकाशा परवानाधारक अभियंत्याकडूनच करवून घ्यावा, व त्याची सही करण्यापूर्वी खणांची संख्या व दरवाजे आपण स्वतः मोजून पाहावे. कागदावर तीन खण व जागेवर पाच असे झाल्यास दोष अभियंत्याचा ठरत नाही.

अर्ज दिल्याची पोच घेतल्यावाचून कचेरीतून उठू नये. संगणकावरून दिला असल्यास अर्जाचा क्रमांक लिहून ठेवावा. पोचेचे महत्त्व फार जुने आहे. सन १८७९ च्या कायद्यात कलेक्टराने तीन महिन्यांत उत्तर न दिल्यास परवानगी दिली असे मानावे अशी तरतूद होती. सन १९६६ च्या अधिनियमाच्या ४४ व्या कलमाने वापरबदलाच्या अर्जाची जी रीत घालून दिली, तीतही सात दिवसांत पोच व नव्वद दिवसांत निर्णय असा क्रम होता. परंतु अशा मानीव परवानगीवर भिस्त ठेवून जोते खणू नये, असा आमचा सल्ला आहे. कारण त्रुटीचा एक शेरा पडला की दिवसांचा हिशेब बदलतो. विलंब झाल्यास सन २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अपिलाचा मार्ग आहे, व अर्ज कोणत्या मेजावर आहे हे सन २००५ च्या माहितीच्या अधिकाराने तीस दिवसांत विचारता येते. ह्या दोन्ही मार्गांस पोच हाच आधार. ती नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असे म्हणण्यास कोणासही अडचण पडत नाही.

परवानगी हाती आल्यावर तीतील अटी वाचाव्या. काम केव्हापर्यंत सुरू करावयाचे, सुरू केल्याची वर्दी कोणास द्यावयाची, जोते तपासून घ्यावयाचे की काय, हे तीतच लिहिलेले असते. काम पुरे झाल्याचा दाखला घ्यावा व तो मूळ परवानगीसह एका पिशवीत जपून ठेवावा. घरपट्टीची पावती ही परवानगी नव्हे, हे घरातील मुलांसही सांगून ठेवावे.

शेवटची विनंती

कायद्याची कलमे बदलत आली आहेत व पुढेही बदलतील. बिनशेतीच्या परवानगीचा जाच कमी करण्याकडेच अलीकडे कायद्याचा कल आहे, व ही समाधानाची गोष्ट आहे. म्हणून अर्जापूर्वी तहसील कचेरीत जाऊन त्या दिवशी लागू असलेला नियम विचारून घ्यावा. परंतु कोणताही नियम आला तरी नाव, भोगवटा, बोजा, हद्द व वाट ह्या पाच गोष्टी तो विचारणारच. गावात चावडी वाचन होते तेव्हा आपण देवळाच्या पारावर बसून राहतो. त्या दिवशी चावडीत जाऊन स्वतःचा सातबारा ऐकावा. आमच्या संघाच्या प्रत्येक गावच्या सभासदांनी ही पाच कलमे एका कागदावर लिहून सोसायटीच्या कचेरीत लावावी, व ज्यास वाचता येत नाही त्यास एखाद्या शिकलेल्या मुलाने ती वाचून दाखवावी, अशी आमची विनंती आहे.

वर सांगितलेल्या गृहस्थास त्याच वर्षी दिवाळीपूर्वी परवानगी मिळाली व पुढील वैशाखात घर उभे राहिले. त्याने आम्हांस बोलाविले होते; आम्ही गेलोही. घर नीटनेटके, जोते उंच, गोठा हवेशीर होता. दावणीस मात्र एकच बैल होता, आणि दुसरी मेख मोकळी होती. जेवणे झाल्यावर त्याने आपली कागदांची पिशवी आणून आम्हांस दाखविली. सातबारावर दोन्ही बहिणींची नावे लागली होती, व कागद आम्ही कचेरीत लावितो त्याहून अधिक नीट लाविलेले होते.